वेदीपर्यंत न आलेला नवरा

गरम हॅमच्या रांगेत माझ्यापुढे तीनचार जण उरले होते, पाव संपतील की काय एवढीच काळजी डोक्यात होती, आणि मागून नॉर्बर्ट झास्ट्रोची थाप खांद्यावर पडली. रविवारी उपासना संपली की मिलवॉकीच्या आमच्या दक्षिण भागातली माणसं चर्चमधून थेट बेकरीत जातात. हॅम विकत घेतला की त्यावर पाव फुकट. नॉर्बर्ट आमच्या मंडळीच्या वडीलजनांचा, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पुरुषांचा, प्रमुख. जन्मभर विमा विकला, त्यामुळे कुणाच्याही खांद्यावर हात टाकायला त्याला संकोच वाटत नाही आणि आवाज दुकानाबाहेर जाईल इतका मोठा. "आर्डिस," तो म्हणाला, "आता तुझी काळजी मिटली म्हणून समज. पुढच्या रविवारी सभेत ठराव आणतोय. नव्या वर्षापासून हार्लनलाही घेऊन यायचं वेदीपाशी. किती वर्षं बिचारा मागे बसलाय! आणि हे मी कुणासाठी करतोय? तुझ्यासाठीच ना!" रांगेतल्या बायकांनी माझ्याकडे वळून बघितलं, एकदोघींनी तर डोळ्यांत पाणी आणलं. आता मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून चटकन उत्तर निघत नाही असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पण माझा नंबर आला तेव्हा मी मुकाट पैसे दिले, पाव उचलले आणि हॅम काउंटरवर तसाच सोडून बाहेर पडले.

गाडीत माझा नवरा हार्लन रेडिओवर सामन्याआधीची बडबड ऐकत बसला होता. "हॅम कुठाय?" त्याने विचारलं. "राहिला." "राहिला म्हणजे?" "म्हणजे विसरले. नुसते पाव खा, मरत नाहीस." त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि गाडी सुरू केली. डच माणसाचं हे एक बरं असतं, त्याला प्रश्न पडला तरी तो घरी नेऊन ठेवतो. मी खिडकीबाहेर बघत राहिले. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, तळ्यावरून वारा येत होता, लोकांच्या अंगणांत निवडणुकीच्या पाट्या थरथरत होत्या. मला नॉर्बचा राग आला होता का? आला होता. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ऊबदार आणि लाजिरवाणं, आणि त्याच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती. हार्लन वेदीपाशी. माझ्या डाव्या हाताला. त्याचा तो इस्त्रीचा करडा कोट. घर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला तिथे आठदहा वेळा गुडघे टेकायला लावले होते.

आमच्या लूथरन मंडळीत प्रभुभोजन हे येईल त्याला वाढलेलं जेवण नाही. आम्ही मानतो ते जो मानतो आणि तशी कबुली देतो, तोच वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकतो. बाकीचे, मग तो राज्याचा गव्हर्नर असो की माझा नवरा, बाकावर बसून राहतात. आम्ही मानतो की त्या भाकरीच्या चकतीत आणि त्या द्राक्षारसात ख्रिस्त स्वतः असतो, त्याचं शरीर आणि त्याचं रक्त, तोंडाने घ्यायचं. कसा असतो ते आम्हाला विचारू नये, त्याने सांगितलं म्हणून असतो. हार्लनचे लोक ओस्टबर्ग या डच वस्तीच्या गावचे, रिफॉर्म्ड पंथाचे. त्यांचं म्हणणं, तो वर स्वर्गात आहे, खालची भाकर ती भाकरच, आपण विश्वासाने मन वर न्यायचं. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशासाठी भांडायचं? भांडायचं! माझ्या पणजोबांच्या वडिलांनी याच गोष्टीपायी जर्मनीत पोमेरेनियातली शेती टाकली. प्रशियाच्या राजाला राज्यात एकच पंथ हवा होता, त्याने लूथरन आणि रिफॉर्म्ड दोघांना एका वेदीपाशी बसवलं, शब्द असे गुळगुळीत करून घेतले की ज्याला जे मानायचं ते त्याने मानावं. ज्या पाळकांनी नाही म्हटलं ते तुरुंगात गेले आणि ज्या माणसांना तुरुंगातले पाळक हवे होते ती जहाजात चढली. लहानपणी आमच्या घरी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली जायची की मला वाटायचं तो राजा अजून जिवंत आहे आणि आपल्याला शोधतोय. आणि आता बघा, राजाला जे शिपाई पाठवून जमलं नाही ते नॉर्बर्ट झास्ट्रो खांद्यावर थाप मारून करायला निघाला होता, तेही माझं नाव पुढे करून.

मी हार्लनशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या घरात आठवडाभर कुणी जोरात बोललं नाही. मी कारखान्याच्या कचेरीत टाइप करायची, तो यंत्रशाळेत साचे बनवायचा. ओस्टबर्गला त्याची आई मला म्हणाली, "तुम्ही लूथरवाले म्हणजे निम्मे कॅथलिक." आणि माझे बाबा म्हणाले, "डच लोक चांगले असतात गं, पण त्यांच्या देवाला सर्दी झालेली असते." त्या वेळी आमचे थोरले पास्टर क्लेम होते. त्यांनी हार्लनला अभ्यासिकेत बोलावलं आणि मी बाहेर गरम पाण्याच्या नळ्यांच्या ठोक्यांकडे कान लावून बसले. आतून सिगारचा वास येत होता. हार्लन बाहेर आला तो लालबुंद होऊन. काय झालं ते सांगेना. मला त्याने घरी सोडलं आणि तसाच गाडी काढून ओस्टबर्गला गेला, आणि दोन दिवसांनी परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मी तुझ्याबरोबर दर रविवारी येईन. तिथे बसेन. पण पुढे येणार नाही." तो आला. बर्फ असो की वादळ असो. मुलं झाली, त्यांचे बाप्तिस्मे आमच्या चर्चमध्ये झाले, दृढीकरणाच्या परीक्षेत त्यांना सगळ्या मंडळीसमोर प्रश्न विचारले गेले तेव्हा त्यांचे ओठ हलायच्या आधी त्याचे हलत होते, इतकं त्याने त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. धर्मशिक्षणाची ती प्रश्नोत्तरी त्याला माझ्यापेक्षा चांगली येते. फक्त प्रभुभोजनाच्या पानावर येऊन तो थांबतो. बाकाच्या कडेला बसतो, पाय वळवून मला बाहेर जायला वाट देतो आणि मी परत येईपर्यंत गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसतो.

मी कठड्याशी गुडघे टेकते तेव्हा डावीकडे जागा सोडते. हे मला माहीत नव्हतं. एकदा इर्मा पागेल मला म्हणाली, "आर्डिस, तू तिथे कुणाला बसवायचं ठरवलंयस? दर वेळी मला तुझ्यापासून हातभर लांब बसावं लागतं." इर्मा माझी मैत्रीण, पण तिच्या तोंडाला झाकण नाही. त्यानंतर मी मुद्दाम सरकून बसायला लागले, पण पास्टर चकती घेऊन जवळ यायचे, जिभेवर तो कोरडा, काही चव नसलेला घास यायचा, मग प्याला, त्याची थंड धातूची कड, घशाखाली उतरणारी धग, आणि डोळे उघडून बघावं तर डावीकडे पुन्हा हातभर जागा. मी काही रडूबाई नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांचे नवरे रविवारी अंथरुणातून उठत नाहीत, माझा निदान आठव्या बाकापर्यंत येतो. पण तिथे, त्या क्षणी, जिथे म्हणे स्वर्ग आणि पृथ्वी एकत्र येतात, तिथे मी एकटी. याचं मला दुःख नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. नॉर्बला हे दिसलं होतं. मूर्ख माणसांना कधी कधी बरोबर दिसतं, मग त्याचं काय करायचं ते मात्र त्यांना कळत नाही.

तो आठवडा मला नीट झोप लागली नाही. मंगळवारी निवडणूक होती. हार्लन युनियनचा माणूस, मी माझ्या बाबांची मुलगी, त्यामुळे लग्न झाल्यापासून आम्ही एकाच गाडीतून मतदानाला जातो, उलट पक्षांना मतं देऊन एकमेकांचं मत रद्द करतो आणि परत येताना मासे खातो. "या वर्षी आपण दोघं घरीच बसलो असतो तर पेट्रोल वाचलं असतं," असं तो दर वेळी म्हणतो आणि दर वेळी मी हसते. त्या दिवशी हसले नाही. मला नॉर्ब आठवत होता. महिनाभर त्याने आमच्या चर्चच्या दाराशी आपल्या उमेदवाराची पत्रकं रचून ठेवली होती आणि तरुण पास्टर टिम ती दर रविवारी उचलून भट्टीच्या खोलीत नेऊन ठेवत होते. उमेदवार माझाही तोच. पण चर्चच्या दारात त्याचं काय काम? मतपेटीपाशी मी कॅथलिकांच्या शेजारी उभी राहीन, ज्यू लोकांच्या शेजारी उभी राहीन, देव न मानणाऱ्याच्याही शेजारी, कारण ते राज्य देवाने वेगळं दिलंय, अक्कल वापरून चालवायला. तिथे तडजोड करावी, लागेल तेवढी करावी. नॉर्बचं सगळं उलटं. राजकारणात तो इतका कडवा की दुसऱ्या पक्षाच्या शेजाऱ्याकडून बर्फ काढायचं फावडं मागणार नाही, आणि वेदीपाशी, जिथे खरोखर कडक राहायला सांगितलंय, तिथे म्हणतो, येऊ दे ना, काय बिघडतं! मी हे मासे खाता खाता हार्लनला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मग ठराव सांगावा लागला असता.

बुधवारी मी पास्टर टिमना फोन केला. तिशीचा मुलगा, मान काटकुळी, बोलताना शब्द मोजून टाकतो. "ठराव आहे तरी काय?" मी विचारलं. ते म्हणाले, "शिकवण बदलायची नाही म्हणतात, मिसेस लॅमर्स. फक्त रविवारच्या पत्रकातलं वाक्य. 'येशूवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचं वेदीपाशी स्वागत आहे.' एवढंच." "एवढंच? मग राहिलं काय?" "तेच मी वडीलजनांना म्हटलं." "आणि संमत झालं तर?" मग ते म्हणाले, "तर मी तो प्याला हातात घेऊ शकणार नाही. मला जावं लागेल. पण हे कुणाला सांगू नका, धमकी दिल्यासारखं होईल." मी फोन ठेवला. त्यांच्या बायकोला तिसरं मूल व्हायचं होतं. आणि मला, देवा, मला त्याही क्षणी वाटून गेलं की हा मुलगा कुठेतरी जाईल, त्याला दुसरी मंडळी मिळेल, आणि मला हार्लन मिळेल. असं मनात आलं. ओट्यापाशी येऊन बटाटे सोलायला घेतले तरी ते जाईना. मी ते मोठ्याने म्हणून बघितलं म्हणजे किती ओंगळ आहे ते कळावं. ओंगळच होतं. पण गोडही होतं.

मला मताचा अधिकार नव्हता. आमच्या मंडळीच्या सभेत पुरुषच मत देतात. काही वर्षांपूर्वी तरुण पोरींनी बायकांच्या मताचा विषय काढला तेव्हा स्वयंपाकघरात त्यांना गप्प केलं ते मीच. "अगं, हे पुरुष आधीच काही करत नाहीत," मी म्हटलं होतं, "मत तरी त्यांचं त्यांना देऊ द्या, नाहीतर तेही आपल्याच गळ्यात येईल." गंमत म्हणून बोलले होते, पण मनापासून. शास्त्रात आहे म्हणून मानते आणि आजही मानते. फक्त त्या आठवड्यात ते मानणं जड गेलं. माझ्या नावाने ठराव, माझ्या नवऱ्याबद्दल ठराव, आणि मी कॉफी करणार. इर्मा म्हणाली, "तू नॉर्बला सरळ सांग ना की मला नको." मी म्हटलं, "सांगते." आणि सांगितलं नाही. रोज उठून ठरवायची आणि रोज फोनपाशी जाऊन धूळ पुसून यायची.

शनिवारी संध्याकाळी हार्लन टेबलावर वर्तमानपत्र पसरून बूट चमकवत होता. रविवारचे बूट तो स्वतः चमकवतो, ओस्टबर्गची सवय, म्हणजे रविवारी काम करायला नको. मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. नॉर्ब, हॅम, ठराव, वाक्य. पास्टर जाणार हे नाही सांगितलं, तो माझा शब्द होता. तो ब्रश फिरवत राहिला. मग मी विचारलं, "संमत झालं, तर येशील पुढे?" त्याने बूट दिव्याखाली धरून पाहिला. "तू म्हणशील तर येईन," तो म्हणाला. मला माहीत होतं त्याचा अर्थ काय. तो येईल, माझ्या शेजारी गुडघे टेकेल, तोंड उघडेल, आणि आत एकही गोष्ट बदललेली नसेल. ज्या माणसाने कधी खोटं मापसुद्धा सांगितलं नाही तो माझ्यासाठी देवासमोर खोटं आमेन म्हणेल. नको, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. मी त्याच्या हातांकडे बघत बसले. बोटांच्या पेरांत काळं पॉलिश गेलं होतं. नको म्हणावं की ये म्हणावं, ते ठरेना. शेवटी मी उठले आणि पावाचा डबा विनाकारण पुसला. त्याने दुसरा बूट घेतला.

सभा रविवारी दुपारी तळघरातल्या हॉलमध्ये होती. आम्ही बायका शेजारच्या स्वयंपाकघरात, मध्ये जेवण बाहेर द्यायची खिडकी, तिला वर गुंडाळायचं पत्र्याचं दार. इर्माने ते दार वीतभर वर उचलून खाली लाकडी चमचा उभा केला. "हवा यायला," ती म्हणाली. त्या फटीतून मला पुरुषांचे पट्टे आणि पोटं दिसत होती आणि खाली वाकलं तर चेहरेही. नॉर्ब बोलायला उभा राहिला. तो चांगलं बोलला, हे मला मान्य केलं पाहिजे. मुलंबाळं दुसऱ्या पंथांत लग्नं करतात, मग आमच्याकडे यायची बंद होतात, बाक रिकामे पडतात. "आपल्या समोरच एक जोडपं आहे," तो म्हणाला, "आपण सगळे ओळखतो. आयुष्यभर एकत्र येतात आणि देवाच्या मेजापाशी त्यांची ताटातूट होते. हे प्रेम आहे का? सांगा मला, हे प्रेम आहे?" पास्टर टिम उठले आणि जे खरं ते बोलले, पण पुस्तकातून वाचल्यासारखं बोलले, आणि लोक प्रामाणिक माणसाकडे बघतात तसे त्यांच्याकडे बघत राहिले, म्हणजे कीव करत. मला दिसत होतं की ठराव संमत होणार. इर्माने माझा हात धरला.

आणि हॉलचं मागचं दार उघडलं. अशा सभांच्या वेळी हार्लन गाडीत बसून सामना ऐकतो, सभासद नाही म्हणून. तो टोपी हातात घेऊन आत आला. "नॉर्ब," तो म्हणाला, "बाहेरच्या माणसाला बोलता येतं का?" नॉर्बचा चेहरा काय खुलला! "सभेने परवानगी दिली तर येतं. दिली ना मंडळी? दिली! ये रे हार्लन, पुढे ये, लाजू नकोस." "इथूनच बरं आहे," हार्लन म्हणाला. "मला मागची सवय आहे." लोक हसले. मी इतकी खाली वाकले की हनुवटी ओट्याला टेकली.

"नॉर्ब मला बिचारा म्हणतोय असं कानावर आलं," हार्लन म्हणाला. "मी बिचारा नाही. लग्नाआधी तुमच्या क्लेमसाहेबांनी मला आत बोलावलं. त्यांनी विचारलं, तू काय मानतोस? मी सांगितलं. ते म्हणाले, पोरा, तुला मी वेदीपाशी घेऊ शकत नाही, आणि याचा अर्थ तू वाईट आहेस असा नाही. तू जे मानतोस ते खरोखर मानतोस असं मी धरून चालतो, म्हणून नाही म्हणतोय. मला इतका राग आला की मी ओस्टबर्गला जाईपर्यंत गाडीत एकटाच भांडत होतो. आणि घराजवळ पोचलो तेव्हा लक्षात आलं, मी काय मानतो हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे आडनाव विचारायचे आणि झालं." कुणीतरी खोकलं. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आता मी पुढे आलो तर हे पास्टर माझ्या तोंडासमोर चकती धरून म्हणणार, हे ख्रिस्ताचं शरीर. मी म्हणणार आमेन. आणि मनात म्हणणार, नाही बुवा. माझी बायको शेजारी गुडघ्यावर असणार. तिच्याशी मी आजपर्यंत खोटं बोललेलो नाही. मत कुणाला दिलं तेसुद्धा लपवलं नाही, आणि ते लपवलं असतं तर घरात जास्त शांतता राहिली असती." या वेळी हसणं छतापर्यंत गेलं. त्यालाही थोडं हसू आलं. मग तो म्हणाला, "तुमचं चुकतंय असं मला अजून वाटतं. पण दार बंद आहे म्हणून तर आत काहीतरी आहे असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. ते माझ्यासाठी स्वस्त करू नका. दर रविवारी मी इथे जे बघायला येतो ते मग उरणार नाही. बास. एवढंच." आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला, आपलं काम संपवून यंत्र बंद केल्यासारखा.

नॉर्बने मत घेतलं, दुसरं काय करणार होता! बाजूने हात वर झाले ते त्याचा, त्याच्या भावाचा आणि आणखी थोडेसे. विरुद्ध म्हटल्यावर मी फटीतून बघितलं तर नुसत्या बाह्याच बाह्या. इर्माचा नवरा, जो मोटारी उभ्या करायच्या जागेच्या ठरावावरसुद्धा हात वर करत नाही, त्याने दोन्ही हात वर केले होते आणि शेजारचा त्याचा एक हात खाली ओढत होता. पास्टर टिम खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आणि मी, जिने पोरींना शिकवलं की मंडळीच्या सभेत बाईने तोंड उघडायचं नाही, ती मी पत्र्याच्या दारामागून "आमेन!" म्हणून अशी ओरडले की लाकडी चमचा सटकला आणि दार धाडकन खाली आलं. मग नॉर्बचा आवाज आला, पडलेला पण मोठा: "स्वयंपाकघरातला आवाज इतिवृत्तात घेऊ नका." इर्मा पोट धरून हसत सुटली, मी तिच्या गळ्यात पडले, आणि माझ्या अंगात असा काही आनंद उसळला, असा मुलीसारखा, निर्लज्ज आनंद, की मला कॉफी ओतता येईना. माझ्या पणजोबांच्या बापाला जहाजावर चढताना काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं असं मी म्हणेन, आणि कुणाला ते जास्त वाटलं तर वाटू दे.

गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, "काल तर म्हणालास, तू म्हणशील तर येईन." "म्हणालो." "आणि मी येऊ नकोस म्हटलं नव्हतं." "ये असंही म्हटलं नव्हतंस," तो म्हणाला. "आर्डिस, तुला मी कधी गप्प बसलेलं बघितलं नव्हतं. रात्रभर विचार केला. हिला हवंय आणि हिला नकोय. मग म्हटलं, हिला जे नकोय तेच हिचं खरं." मी त्याच्याकडे बघितलं. म्हातारा झाला होता, कानांतून केस आले होते. "तू रिफॉर्म्ड वाटत नाहीस," मी म्हटलं. "हळू बोल," तो म्हणाला, "आई ऐकेल." त्याची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली आहेत.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी चर्च भरलं होतं. नॉर्ब मधल्या वाटेच्या पलीकडच्या बाकावर बसला होता, माझ्याकडे न बघता, पण यायला चुकला नव्हता, आणि त्याबद्दल मी त्याला सगळं माफ करून टाकलं. पास्टर टिमनी भाकरीवर ते शब्द म्हटले, प्याल्यावर म्हटले, आणि या वेळी ते वाचल्यासारखे म्हटले नाहीत. ऑर्गन सुरू झाला. एकेक बाक रिकामा होत आमच्यापर्यंत आला. मी हातातलं पुस्तक ठेवलं आणि हार्लन पाय वळवील म्हणून थांबले. त्याने पाय वळवले नाहीत. तो उठून उभा राहिला. बाकाबाहेर, मधल्या वाटेवर. आजूबाजूचं गाणं मंदावलं, नॉर्बने मान वळवली, त्याच्या तोंडाचा चंबू झाला, आणि नको रे, मी मनात म्हटलं, आता नको, मी जिंकलेय, आता माझ्यासाठी नको. तो बाजूला सरला. मला वाट दिली, आणि मी बाहेर पडल्यावर परत आपल्या जागी गेला आणि उभाच राहिला. दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर, मान ताठ, पुस्तक मिटलेलं, डोळे वेदीकडे.

मी पुढे गेले. माझ्या मागे तो उभा आहे हे मला पाठीला कळत होतं. ज्या माणसाच्या मते वेदीवर नुसती भाकर आहे तो तिच्यासमोर राजासमोर उभं राहावं तसा उभा होता, आणि बसणार नव्हता. मी गुडघे टेकले. चकती आली, मी आमेन म्हटलं, आणि ते इतकं मोठ्याने निघालं की पास्टर टिमचा हात थबकला. प्याला आला. धग खाली उतरली. मी डावीकडे बघितलं नाही, बघावंसंच वाटलं नाही. मी परत निघाले तेव्हा सगळं चर्च गात होतं आणि तो तिथेच उभा होता, गुडघे दुखत असणार, त्याचा उजवा तर हिवाळ्यात वाकतही नाही. त्याच्यापाशी आल्यावर मी हळूच म्हटलं, "बस आता, म्हाताऱ्या."

"आधी तू," तो म्हणाला.